डिकीतला कानसेन

माझे मामा गाड्यांचे आवाज दुरुस्त करतात. गाड्या नव्हेत, आवाज. इंजिन बंद पडलं, गिअर अडकला, ब्रेक लागेना, असलं काही घेऊन कोणी आलं की ते नाक्यावरच्या मोठ्या गॅरेजकडे बोट दाखवतात. पण "काहीतरी वाजतंय हो" असं म्हणत कोणी दारात उभं राहिलं, की लांबचा पाहुणा आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलतो.

गावात त्यांना कानसेन म्हणतात. गाता येतं तो तानसेन आणि नुसतं ऐकता येतं तो कानसेन, एवढाच त्यातला विनोद. मामांनी मात्र ते नाव पाटीवर रंगवून घेतलं. रंगाऱ्याने खाली आपल्या अकलेने एक ओळ टाकली : 'येथे गाडीचे सर्व प्रकारचे आवाज काढून मिळतील.' त्यानंतर महिनाभर येणारा-जाणारा दारात थांबून विचारायचा, "कानसेन, ट्रकचा काढता येतो का?" पाटी बदला म्हणून मामी मागे लागली. मामा म्हणाले, "लोक थांबतात, वाचतात. आणखी काय हवं?"

थंडी हा मामांचा हंगाम. थंडीत रबर ताठरतं, प्लास्टिक आकसतं, पत्र्याचे स्क्रू ढिले पडतात आणि उन्हाळाभर शहाण्यासारखी वागलेली गाडी एका सकाळी अचानक बोलायला लागते. मग गिऱ्हाईक येतं.

"काय होतंय?"

"आवाज येतो."

"आवाज सगळ्यांनाच येतो. कसा येतो? कुरकुर, करकर, खडखड की खुळखुळ?"

मामांच्या हिशेबाने जगात एवढे चारच आवाज होते. कुरकुर म्हणजे रबर. करकर म्हणजे प्लास्टिक. खडखड म्हणजे पत्रा. आणि खुळखुळ म्हणजे तुमचंच काहीतरी हरवलेलं. एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीतली खुळखुळ शोधताना मागच्या सीटखालून अख्खी कवळी निघाली होती. ती कोणाची हे डॉक्टरांना सांगता येईना, आणि इतक्या दिवसांत कोणी मागायलाही आलं नव्हतं.

मी तेव्हा नोकरीच्या निमित्ताने मामांकडेच राहत होते, त्यामुळे पुढची हकिगत मला मामांकडून कळली, बाईंकडून कळली आणि हवालदारांकडूनही. तिघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की प्रत्येकाच्या मते बाकीचे दोघे जरा घाबरले होते.

ऐन कडाक्यातल्या एका शुक्रवारी दुपारी एक जुनी साय-रंगाची गाडी गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. फूटपट्टीने आखल्यासारखी, भिंतीला अगदी समांतर. आतून बाई उतरल्या. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं होतं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ. मामांनी हातातला चहाचा कप टायरमागे लपवला आणि बाह्या खाली ओढल्या.

"बाई, मी तुमचा विद्यार्थी."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असशील. पुष्कळ होते."

मामांना हे फार लागलं. बाक वाजवतो म्हणून ह्याच बाईंनी त्यांना अख्खी सहामाही वर्गाबाहेर उभं केलं होतं. इतका जुना घरोबा माणूस विसरतो कसा?

"काय वाजतं, बाई?"

"चुईं."

मामा थबकले. हे त्यांच्या चारांत नव्हतं. "कुरकुर म्हणायचंय का तुम्हाला?"

"कुरकुर म्हणायचं असतं तर मी कुरकुर म्हटलं असतं. चुईं. च ऱ्हस्व उकारी, पुढे दीर्घ ई, वर अनुस्वार. सकाळी गाडी बाहेर काढली की पहिली दहा मिनिटं. मग बंद."

मामांनी गाडी घेऊन गल्लीला तीन चकरा मारल्या. एकही आवाज नाही. परत येऊन तसं सांगितलं. बाई पर्सचं बक्कल उघडत-मिटत म्हणाल्या, "मुलगा आलाय आठवडाभर. तो म्हणतो, आवाज गाडीत नाही, तुझ्या कानात आहे. आता गाडी चालवणं पुरे. रविवारी दहाला गाडी बघायला माणूस येतोय."

त्यांचा मुलगा सकाळी नऊला उठायचा. तोवर ऊन अंगणात आलेलं असायचं आणि गाडी मुकी झालेली असायची.

"रात्रभर ठेवून जा," मामा म्हणाले. "सकाळी गाठतो त्या आवाजाला."

शनिवारी सकाळी मामा सहालाच गॅरेजमध्ये. गाडी चालू केली, पुढेमागे केली, दारं आपटली, सीटवर उड्या मारल्या. गाडी तपस्व्यासारखी गप्प. अकरा वाजता बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा सभ्य होता. गळ्याभोवती मऊ मफलर, बोलणंही मफलरसारखंच.

"काका, उगाच त्रास दिला तुम्हाला. मला कल्पना होतीच. वय झालं की होतं असं."

बाई गाडीत जाऊन बसल्या होत्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मामा त्या भिंतीकडे बघायला लागले. मग त्यांनी तिला हात लावला. भिंत कोमट होती. पलीकडे बेकरी होती आणि भट्टी रात्रभर पेटलेली असायची.

"अहो!" मामा ओरडलेच. "ताप उतरल्यावर नाडी बघून उपयोग काय? तुमच्याकडे गाडी गारठ्यात झोपते, इथे ती भट्टीला पाठ लावून झोपली. उद्या सकाळी साडेसहाला मी घरी येतो."

मुलगा हसून म्हणाला, "या. दहाच्या आत मात्र आटपा."

रविवारी पहाटेच्या दवाचा काचेवर पांढरा थर गोठला होता. मुलगा दोन रजयांखाली होता. मामा आले ते अंगाभोवती मामीची जुनी रजई गुंडाळून, पण डोकं उघडं. धंदाच कानांचा, त्यामुळे कानटोपी घालायची सोय नव्हती.

"मी डिकीत झोपतो," ते म्हणाले. "सीटवर बसलं की सगळे आवाज एकात एक मिसळतात. आधी मागचे ऐकायचे, मग पुढचे. तुम्ही सावकाश चालवा. गतिरोधक आला की आधी मला सांगा."

"तू आत, मी पुढे. सांगू कशी?"

"हॉर्न द्या."

मामांनी डिकीत अंग दुमडलं, झाकण आतून दोरीने बांधून चार बोटं उघडं ठेवलं आणि गाडी निघाली. बाईंच्या घरापासून चौकापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. शिस्तीच्या बाईंनी अकराही ठिकाणी गाडी थांबवून, हॉर्न देऊन, मगच ओलांडले. रविवारच्या झोपेतून दोन्ही बाजूंच्या खिडक्या धडाधड उघडत गेल्या.

चौकात वाहतूक हवालदार हातावर हात चोळत उभे होते. त्यांना दिसलं ते असं : गोगलगायीच्या वेगाने एक गाडी येतेय. स्टिअरिंगवर एक म्हातारी बाई. समोर कुत्रंसुद्धा नसताना ती हॉर्न वाजवतेय. आणि डिकीच्या फटीतून थांबून थांबून पांढरा धूर येतोय. तेवढ्यात डिकी म्हणाली, "डावीकडे घ्या! जरा जोरात आपटा!"

हवालदारांनी हात आडवा केला.

"बाई, डिकीतून धूर येतोय."

"धूर नाही, वाफ. माणसाची आहे."

हवालदार एक पाऊल मागे सरले. "आत माणूस आहे?"

"माझा विद्यार्थी."

हवालदारांनी अतिशय नरम आवाजात घरचा नंबर विचारला आणि बाजूला जाऊन फोन लावला. रजईतल्या मुलाला त्या फोनवर एवढंच ऐकू आलं : "तुमच्या आईंनी डिकीत एक विद्यार्थी बांधून ठेवलाय. लगेच चौकात या."

इकडे मामा दोरी सोडून बाहेर आले. गुडघे सरळ व्हायला वेळ लागला, पण चेहरा विजयी होता. हवालदारांना नमस्कार करून त्यांनी निकाल वाचला. "दोन सापडले. सायलेन्सरवरचा पत्रा सैल आहे, तो खडखडतोय. तापला की फुगून घट्ट बसतो, म्हणून दुपारी गप्प. आणि मागच्या डाव्या चाकाच्या वरचं रबर थंडीने लाकूड झालंय, त्याची कुरकुर आहे."

"आणि चुईं?" बाईंनी विचारलं.

मामांनी आवाज मऊ केला. "चुईं असं काही नाही, बाई. ह्या दोन्हींचं मिळून तुम्हाला तसं वाटत असेल."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दोन आवाज मिळून मला तिसरा ऐकू येतो, असं तुझं म्हणणं."

मामा मला नंतर म्हणाले, "तेव्हा मला त्या मुलाच्या मफलरची आठवण झाली. बोलणं माझं, पण आवाज त्याचा निघाला."

हवालदारांना मात्र ह्या दोघांपैकी नक्की कोणाला पकडायचं ते ठरत नव्हतं. खात्री करून घ्यायला ते बाईंच्या शेजारी जाऊन बसले. मामा मागच्या सीटवर. गाडी पुढच्या गतिरोधकावरून गेली.

"मग हे चुईं काय वाजतंय?" हवालदार म्हणाले.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं म्हणजे? दात शिवशिवले माझे. काचेजवळ आहे कुठेतरी."

दोघांनीही मागे पाहिलं. मामांनी घाईघाईने मान डोलावली. "हो हो. आला. बारीक आहे, पण आला."

बाईंनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा गतिरोधकावर घातली. "आत्ता आला?"

"आला."

"आत्ता नव्हता आला."

बाई आरशातून मामांकडे बघत होत्या. "चाळीस वर्षं मी 'समजलं बाई' म्हणणारी तोंडं बघितलीत. न समजलेला मुलगा मान जास्त हलवतो. थांब, तू तो बाक वाजवणारा ना? तेव्हाही असाच डोलायचास." मग त्यांचा सूर एकदम खाली आला. "तुला ऐकू येत नाही का रे?"

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. "नाही, बाई. खडखड येते, कुरकुर येते. हे नाही येत."

"कधीपासून?"

"जे ऐकूच येत नाही ते कधीपासून येत नाही, हे कसं कळायचं?"

हवालदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कोणाकडे वाईट बातमी कळवायला गेल्यावर ते तसं करत असत, सवयीने झालं म्हणाले.

बाईंनी मात्र दोन क्षणांपलीकडे शोक पाळला नाही. "ठीक आहे. ऐकायचं काम माझं. तुझ्याकडे काय आहे?"

"हात आहेत."

"मग ये पुढे."

गाडी कडेला लावली. हवालदार बाहेर जाऊन बॉनेट दोन्ही हातांनी खालीवर दाबू लागले, म्हणजे गाडी जागच्या जागी हलेल. मामा त्यांच्या जागी बसून काचेखालच्या प्लास्टिकच्या कडेवर तळहात दाबत तसूतसूने पुढे सरकवत होते. बाई डोळे मिटून सांगत होत्या, "आहे... आहे... आहे..."

वर्दीतला माणूस एकटाच गाडी हलवतोय म्हटल्यावर लोक जमणारच. पेपर टाकणारा आला, दूधवाला आला, पळायला निघालेले दोन गृहस्थ आले. कोणी काही विचारलं नाही. गाडी अडकलीय असं समजून सगळ्यांनी खांदा लावला. गाडी बोटीसारखी डुलायला लागली.

अशा वेळी बाईंचा मुलगा धापा टाकत चौकात पोचला. अंगात झोपायचा पायजमा, एका पायात बूट, दुसऱ्यात सपात, गळ्यात मफलर. आई स्टिअरिंगवर डोळे मिटून बसलीय, पोलीस गाडी हलवतोय, चौघेजण ढकलतायत. त्यानेही काही न विचारता खांदा लावला. दहा-बारा धक्के दिल्यावर त्याला वाटलं, आपण विचारायला हवं.

"आई! काय चाललंय? पोलीस म्हणाले..."

"आत ये. मागे बस. बोलू नकोस, ऐक." मग मामांना, "हात काढ जरा."

मामांनी हात काढला. हवालदारांनी बॉनेट दाबलं.

चुईं.

मुलाने काचेकडे पाहिलं, मग आईकडे. पुन्हा चुईं. त्याने हात पुढे करून काचेला बोट लावलं, जणू आवाज तिथे चिकटलेला दिसेल.

"हे तर खरंच वाजतंय."

"रोज वाजतं."

"मला वाटलं की..."

"वाक्य अर्धं सोडू नये."

मुलाने काचेवरचं बोट काढलं. "मला वाटलं, तुला भास होतात. चुकलं माझं."

हवालदार, पेपरवाला, दूधवाला आणि पळणारे दोन गृहस्थ एकदम निरनिराळ्या दिशांना बघू लागले.

मामांचा तळहात पुन्हा सरकू लागला. उजव्या कोपऱ्यात, काच आणि प्लास्टिक जिथे भेटतात तिथे, बाई म्हणाल्या, "थांबला." मामांनी हात उचलला. "आहे." ठेवला. "थांबला." मामांनी डोळे मिटले. हाताखाली काहीतरी अगदी बारीक थरथरत होतं, मुठीत धरलेल्या माशीसारखं. कानांना जे कळलं नव्हतं ते तळव्याला कळलं. थंडीने आकसलेली प्लास्टिकची कड काचेवर घासत होती, बस्स.

मधे मऊ कापडाची पट्टी सारायला हवी होती. मुलाने न विचारता मफलर काढून दिला. पेपरवाल्याने गठ्ठ्याची सुतळी कापायची सुरी दिली. बाईंनी पर्समधून सहा इंची पट्टी काढली, कारण ती त्यांच्या पर्समध्ये असतेच. कापलेली लोकरीची चिंधी मामांनी पट्टीच्या टोकाने फटीत खोचली आणि गाडी पुढच्या तीन गतिरोधकांवरून फिरवून आणली. आत बाई, मुलगा, मामा, हवालदार. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

दहाला गाडी बघायला माणूस आला. मुलाने त्याला सांगितलं, "गाडी विकायची नाही. आवाज होता, तो गेला." माणूस म्हणाला, "आवाज गेला असेल तर मग मी नक्की घेतो." त्याला वाटेला लावायला अर्धा तास गेला.

पत्र्याला पट्टा आणि कुरकुरणाऱ्या रबराच्या जागी नवीन रबर, ही कामं सोमवारी झाली. पण त्याआधी रविवारी दुपारी जेवताना मामांनी घरात हे सांगितलं. खाली मान घालून, आमटी ढवळत. मामीने हातातली पळी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला ते ऐकूच येत नव्हतं?"

"काय?"

"दार! दोन वर्षं झाली, स्वयंपाकघराचं दार किंकाळ्या फोडतंय. मी म्हणते आवाज येतोय, तुम्ही म्हणता कुठे? मला वाटलं, जगाची दारं दुरुस्त करून आलेला माणूस घरात सोंग घेतोय. दोन वर्षं मी ते दार मुद्दाम जोरात लावतेय!"

मलाही तसंच वाटलं होतं, हे मी कबूल केलं. मामा ताटावरून उठले. दाराला तळहात लावून त्यांनी ते हळूहळू उघडलं, मग मिटलं. पुन्हा उघडलं. चार-पाच वेळा. त्यांचं जेवण निवलं, पण मामी हाक मारायला गेली नाही. मग त्यांनी खिशातून डबी काढून बिजागरीला ग्रीस लावलं आणि मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "गेला." आणि डोळ्यांना पदर लावून, "आता मला चुकल्या-चुकल्यासारखं होईल," असंही म्हणाली.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेले ते परत येणार नाहीत. तरुणपणी पंधरा वर्षं मामांनी पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात काढली होती, त्याचा हा प्रसाद. कानात घालायचं यंत्र मिळालं. पहिल्या दिवशी मामा जिना चढून आले ते हादरलेले. "माझे बूट बोलतात! हे मला कोणी सांगितलं का नाही?" कॉलर कानाशी करकरते, पेपर वाचताना पेपर ओरडतो, आणि मामी स्वतःशी केवढी पुटपुटते, ह्या तिन्ही गोष्टींची त्यांना कल्पना नव्हती. तिसरी कळल्याचं मामीला अजिबात आवडलं नाही. गाडीखाली शिरलं की मात्र ते यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून कामावर ते काढून डबीत ठेवणं भाग होतं.

मामा पाटी उतरवण्याच्या गोष्टी करायला लागले. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सकाळी सातला बाई गॅरेजवर हजर. सोबत घडीची खुर्ची, गरम पाण्याची बाटली आणि लाल शाईचं पेन. "मी घरी बसून काय करू? मुलगा परत गेला," त्या म्हणाल्या. "तुझी ती चार आवाजांची यादी दे इकडे. फार तोकडी आहे."

त्या हिवाळ्यात यादी तेवीस आवाजांवर गेली. प्रत्येकापुढे अर्थ, आणि वाक्यात उपयोग. बाई बेकरीच्या भिंतीला खुर्ची लावून ऊब घेत बसतात, गिऱ्हाईक आलं की गाडीत जाऊन ऐकतात. मामा हात फिरवतात. "आहे... आहे... थांबला." एकदा त्यांनी सगळ्या गल्लीदेखत मामांना 'छान' असा शेरा दिला, तेव्हा मामांनी संध्याकाळी तो मामीला दोनदा सांगितला.

परवा मी सुट्टीवर गेले तेव्हा एक टॅक्सीवाला आला होता.

"खडखड येतोय, बाई."

"येतोय नाही, येते. खडखड स्त्रीलिंगी आहे."

टॅक्सीवाल्याने शेजारच्या गाडीखालून बाहेर आलेल्या मामांच्या पायांकडे मदतीसाठी पाहिलं. पायांनी काही मदत केली नाही.

"बरं, येते. वळताना येते."

"सलग येते की तुटक?"

त्याने विचार केला. "तुटक. खट... खट... खट."

"मग ती खटखट. खडखड कशाला म्हणालास?" बाईंनी नोंद केली, पेनाला टोपण लावलं आणि पुढचं दार उघडून टॅक्सीत बसल्या. "चल. आधी डावीकडे वळव. आणि रेडिओ बंद कर."

टॅक्सी निमूटपणे निघाली. मामा गाडीखालून बाहेर आले, हात पुसत मला म्हणाले, "चहा सांग दोन. एक बाईंना, साखर कमी." मी विचारलं, "आणि टॅक्सीवाल्याला?"

"त्याला पाणी सांग," मामा म्हणाले. "परत येईल तेव्हा लागेल."